औषधाचा खंड : रक्त पातळ करणारी गोळी आणि शस्त्रक्रियेचा दिवस

हृदयाच्या एका विकारात माणसाला बहुधा जन्मभर एक गोळी घ्यावी लागते, आणि त्याच माणसावर पुढे कधीतरी शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. गोळी चालू ठेवावी तर शस्त्रक्रियेत अतिरक्तस्राव होण्याचे भय. थांबवावी तर हृदयात गुठळी धरून पक्षाघात होण्याचे भय. ह्या दोन भयांमधून वाट कशी काढावयाची, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय. विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, अलिंदांचे, अनियमित कंपन. औषधास सामान्यतः ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असे म्हटले जाते. हे नाव तितकेसे बिनचूक नाही. गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठण्यास अधिक वेळ लागतो, इतकेच. परंतु नाव रूढ झाले आहे आणि येथेही तेच वापरणे सोयीचे.

जबलपुरात ह्या प्रश्नाला एक स्थानिक अंगही आहे. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. पुढे राज्ये निराळी झाली. तथापि जबलपुरातील अनेक मराठी कुटुंबांची सोयरीक, शिक्षण आणि औषधोपचार ह्यांचे धागे नागपूरकडे जात राहिले. शहरात 1955 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर ह्या भागांतले रुग्ण उपचारासाठी जबलपुरास येतात. उलट जबलपूरचा रुग्ण कधी लेकीच्या सोयीने नागपुरास, तर कधी मुलाच्या सोयीने पुण्यास शस्त्रक्रियेसाठी जातो. अशा वेळी नित्याची गोळी देणारा डॉक्टर एका गावी आणि शस्त्रक्रिया करणारा दुसऱ्या गावी, अशी स्थिती होते. गोळी कोणी थांबवावयाची आणि कोणी सुरू करावयाची, हा प्रश्न ह्या दोन गावांच्या मध्येच कोठेतरी हरवून जातो.

एक उदाहरण कल्पावे. गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले, 72 वर्षांचे एक मराठी गृहस्थ आहेत. त्यांना रक्तदाब व मधुमेह आहे, चार वर्षांपासून अलिंदकंपन आहे, आणि त्यासाठी ते नियमाने गोळी घेतात. आता त्यांना हर्निया झाला आहे आणि शस्त्रक्रिया नागपुरास, एका गुरुवारी, ठरली आहे. इस्पितळातून दूरध्वनी येतो : “रक्त पातळ करण्याची गोळी बंद करून या.” हे वाक्य वरवर पाहता सरळ आहे, वस्तुतः ते अपुरे आहे. कोणती गोळी, कोणत्या दिवसापासून, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा केव्हा सुरू करावयाची, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ही उत्तरे कशी मिळतात हे समजण्यासाठी प्रथम विकाराचे आणि मग औषधाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

निरोगी हृदयात वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, ठराविक तालात आकुंचन पावतात आणि रक्त खालच्या दोन कप्प्यांत, निलयांत, ढकलतात. अलिंदकंपनात हे आकुंचन नाहीसे होते. अलिंदांच्या भिंती केवळ थरथरत राहतात. नाडी अनियमित होते. कोणाला छातीत धडधडते, कोणाला थकवा येतो, आणि कित्येकांना काहीच जाणवत नाही. निलये आपले काम करीत असल्याने माणूस चालतो, फिरतो, संसार करतो. धोका निराळ्याच ठिकाणी असतो. डाव्या अलिंदाला एक लहानशी पिशवी जोडलेली असते. आकुंचन थांबले की तिच्यातील रक्त रेंगाळू लागते. ज्यांनी भेडाघाट पाहिला आहे त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. धुवांधारच्या प्रपातात नर्मदेचे पाणी कोसळते, तेथे गाळ ठरत नाही. परंतु काठच्या एखाद्या कपारीत जेथे पाणी अडून राहते तेथे गाळही साचतो आणि शेवाळही धरते. पिशवीत रेंगाळलेले रक्त असेच गोठते. ती गुठळी सुटून प्रवाहाबरोबर मेंदूकडे गेली आणि तेथील रोहिणीत अडकली, म्हणजे पक्षाघात होतो.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम ह्या गावी 1948 पासून चाललेल्या दीर्घ पाहणीने ह्या धोक्याचे माप दिले. अलिंदकंपन असलेल्या माणसास पक्षाघात होण्याचा संभव इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आणि त्याच्या जोडीला संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असेल तर तो सुमारे सतरापट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हा धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने घटतो. ह्यावरून ह्या गोळीचे महत्त्व ध्यानात यावे. तिने काही बरे वाटत नाही, वेदना कमी होत नाही, झोप चांगली लागत नाही. जे घडू नये ते घडत नाही, एवढेच तिचे कार्य. म्हणूनच ती विसरणेही सोपे असते.

ह्या औषधाचा इतिहास शस्त्रक्रियेच्या प्रश्नाशी आरंभापासूनच जोडलेला आहे. 1920 नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांवर एक विचित्र संकट आले. शिंगे कापणे किंवा खच्ची करणे अशा किरकोळ शस्त्रक्रियांनंतर जनावरे रक्त वाहून मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओलसर राहून बुरसला आणि तो गुरांनी खाल्ला, की हे घडते, असे पशुवैद्यांच्या ध्यानात आले. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी आणि बुरसलेला चारा घेऊन, हिमवादळातून वाट काढीत, विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला. तेथील संशोधकांनी 1939 मध्ये चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातील वॉरफरीन हे द्रव्य 1948 मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. म्हणजे हे औषध अंगात असता शरीरावर शस्त्र चालविले तर काय होते, हे माणसाने प्रथम गोठ्यात पाहिले आणि औषध त्यानंतर मिळविले.

वॉरफरीनचे कार्य अप्रत्यक्ष असते. रक्त गोठण्यास लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांपैकी चारांना जीवनसत्त्व ‘के’ लागते. वॉरफरीन ह्या जीवनसत्त्वाच्या मार्गात अडथळा आणते. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात, कारण रक्तात आधीचे घटक शिल्लक असतात. आणि गोळी थांबविल्यावर परिणाम ओसरण्यासही काही दिवस लागतात, कारण यकृताला नवे घटक तयार करावे लागतात. भारतात वॉरफरीनच्याच जातीचे असेनोकुमारॉल हे औषध, ज्याला निकुमॅलोन असेही नाव आहे, मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते शरीरातून वॉरफरीनपेक्षा लवकर निघून जाते. ह्या दोन्ही औषधांचा परिणाम मोजण्यासाठी रक्ताची एक तपासणी असते. प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा निराळा येऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये तिचे एक समान माप स्वीकारले. त्यालाच आय.एन.आर. म्हणतात. औषध न घेणाऱ्या माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो. अलिंदकंपनाच्या रुग्णाचा तो सामान्यतः 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात.

2009 नंतर ह्या क्षेत्रात नव्या गोळ्या आल्या. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, 18,000 हून अधिक रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत डॅबिगॅट्रान हे औषध वॉरफरीनच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस, ठरले. पाठोपाठ रिव्हारोक्साबॅन आणि अपिक्साबॅन आली. ही औषधे यकृतामार्फत वळसा न घेता रक्त गोठविणाऱ्या एका विशिष्ट घटकालाच थेट अडवितात. त्यामुळे ती काही तासांतच लागू पडतात आणि थांबविल्यावर एक-दोन दिवसांत निघून जातात. त्यांसाठी आय.एन.आर. तपासावा लागत नाही. मंडल्याच्या किंवा दिंडोरीच्या रुग्णाला केवळ तपासणीसाठी वारंवार जबलपूरची वारी करावी लागू नये, ही सोय लहान नव्हे. मात्र ही औषधे बऱ्याच अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, विशेषतः डॅबिगॅट्रान. मूत्रपिंड अशक्त असेल तर ती शरीरात अधिक काळ राहतात.

एवढे समजले म्हणजे नागपुराहून आलेल्या त्या वाक्यातील उणीव स्पष्ट होते. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ ही एक वस्तू नाही. प्रत्येक गोळीचे घड्याळ निराळे आहे. वॉरफरीन साधारणतः शस्त्रक्रियेपूर्वी पाच दिवस थांबवितात; असेनोकुमारॉल दोन ते तीन दिवस; नव्या गोळ्या एक ते दोन दिवस. उदाहरणातील गृहस्थांची शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. ते वॉरफरीन घेत असतील तर शेवटची गोळी आदल्या आठवड्यातील शुक्रवारी होईल, आणि बुधवारी आय.एन.आर. तपासून तो पुरेसा उतरल्याची खात्री करून घेतली जाईल. ते असेनोकुमारॉल घेत असतील तर शेवटची गोळी रविवारी किंवा सोमवारी. अपिक्साबॅन घेत असतील तर शेवटची गोळी सोमवारी रात्री. मंगळवार, बुधवार आणि खुद्द गुरुवारी नाही. एकाच माणसाची, एकाच शस्त्रक्रियेसाठी, शेवटच्या गोळीची तारीख औषधाच्या नावावरून तीन दिवसांनी बदलते. शेजाऱ्याला पाच दिवस सांगितले होते म्हणून अपिक्साबॅन पाच दिवस बंद ठेवणारा माणूस विनाकारण तीन दिवस संरक्षणावाचून राहतो. उलट कोणी वॉरफरीन दोनच दिवस थांबवून गेला, तर आय.एन.आर. वर असल्याने शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द होण्याचा संभव.

घड्याळाचा दुसरा काटा शस्त्रक्रियेच्या स्वरूपावर फिरतो. काही उपचारांसाठी औषध थांबविण्याची मुळी गरजच नसते. डोळ्यात थेंब टाकून, जागा बधिर करून केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ह्याच वर्गात मोडते. एखादा दात काढावयाचा असेल तर आय.एन.आर. योग्य मर्यादेत आहे हे पाहून, जखमेवर दाब देऊन व रक्त थांबविणाऱ्या औषधाच्या गुळण्या देऊन काम भागते. नव्या गोळ्यांच्या बाबतीत फार तर सकाळची गोळी मागे-पुढे करतात. पेसमेकर बसविण्याबाबत तर एका चाचणीचा निष्कर्ष सर्वसाधारण समजुतीच्या उलट निघाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या चाचणीत वॉरफरीन थांबवून त्याऐवजी हिपॅरिनची इंजेक्शने दिलेल्या रुग्णांपैकी 16 टक्क्यांच्या जखमेत लक्षणीय रक्त साकळले. वॉरफरीन तसेच चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 3.5 टक्के होते. उलटपक्षी मेंदू, पाठीचा कणा, प्रोस्टेट, मोठे सांधे, पोटातील मोठे अवयव ह्यांवरील शस्त्रक्रियांत रक्तस्रावाचा धोका मोठा, म्हणून तेथे औषधाचा अंमल पूर्णपणे ओसरू द्यावा लागतो. कण्यातून भूल द्यावयाची असेल तेव्हाही असेच. तेथे सुईच्या जागी रक्त साकळले तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. हर्नियाची शस्त्रक्रिया तशी मध्यम धोक्याची; परंतु ती पुष्कळदा कण्यातून भूल देऊन करतात. त्या कारणाने वरच्या उदाहरणात अपिक्साबॅनचा खंड एकाऐवजी दोन दिवसांचा धरला आहे. भूलतज्ज्ञाला गोळीची माहिती देणे अत्यावश्यक आहे ते ह्यासाठी.

आता मुख्य शंकेकडे वळावे. ज्या गोळीने पक्षाघात टळतो ती चार-पाच दिवस बंद ठेवली, तर त्या अवधीत पक्षाघात होणार नाही काय? पुष्कळ वर्षे ह्या भयापोटी डॉक्टर वॉरफरीन थांबविल्यावर हिपॅरिनची इंजेक्शने देत असत. दोन तीरांमध्ये पूल बांधावा तसा हा उपाय; त्याला नावही पुलाचेच पडले होते. युक्तिवाद पटण्याजोगा होता, परंतु तो कोणी नीट पारखून पाहिला नव्हता. ती पारख अमेरिका व कॅनडा येथील 1,884 रुग्णांवर झाली आणि 2015 मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्वांचे वॉरफरीन पाच दिवस आधी थांबविले. अर्ध्यांना हिपॅरिनच्या जातीचे इंजेक्शन दिले आणि अर्ध्यांना औषधविरहित इंजेक्शन. तीस दिवसांत गुठळीमुळे पक्षाघात किंवा तत्सम आघात झाला तो औषध दिलेल्यांपैकी 0.3 टक्क्यांना आणि न दिलेल्यांपैकी 0.4 टक्क्यांना, म्हणजे फरक नगण्य. गंभीर रक्तस्राव मात्र औषध दिलेल्यांपैकी 3.2 टक्क्यांना झाला आणि न दिलेल्यांपैकी 1.3 टक्क्यांना. पुलाने पलीकडे नेले कोणालाच नाही. पाण्यात मात्र अधिक जण पडले. तेव्हापासून अलिंदकंपनाच्या बहुसंख्य रुग्णांसाठी हा उपाय सोडून देण्यात आला आहे.

ह्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ज्याला औषधावाचून वर्षाला शंभरात पाच एवढा पक्षाघाताचा धोका आहे, त्याचा एका आठवड्याचा धोका साध्या भागाकाराने हजारात एक इतकाच येतो. चाचणीत एका महिन्यात जो धोका दिसला तो हजारात तीन-चार होता, आणि औषधाचा खंड तर त्या महिन्याचा लहानसा भागच. ह्याचा अर्थ असा की शस्त्रक्रिया स्वतःच रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढविते. जखम भरण्यासाठी शरीर जी तयारी करते तिचाच तो भाग आहे. म्हणून धोका केवळ आधीच्या पाच दिवसांत नसतो. नंतरच्या दिवसांतही असतो, आणि नेमके त्याच वेळी औषध सुरू करण्याकडे दुर्लक्ष होते.

नव्या गोळ्यांची पारख 2019 मध्ये झाली. कॅनडा, अमेरिका व युरोप येथील 3,007 रुग्णांना एक साधे वेळापत्रक लावले. कमी वा मध्यम रक्तस्रावाच्या शस्त्रक्रियेपूर्वी एक दिवस व मोठ्या रक्तस्रावाच्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन दिवस गोळी बंद. मूत्रपिंड अशक्त असलेल्या डॅबिगॅट्रानच्या रुग्णांस ह्याच्या दुप्पट. शस्त्रक्रियेच्या दिवशीही गोळी नाही. पुढे पहिल्या प्रकारात सुमारे चोवीस तासांनी व दुसऱ्या प्रकारात अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी गोळी पुन्हा सुरू. इंजेक्शने नाहीत, विशेष तपासण्या नाहीत. गंभीर रक्तस्राव तिन्ही औषधांत दोन टक्क्यांहून कमी राहिला आणि गुठळीचे आघात एक टक्क्याहून कमी. ह्या यशाचे रहस्य कोणत्याही नव्या औषधात नव्हते. थांबविण्याची वेळ आणि सुरू करण्याची वेळ ह्या दोन्ही आरंभीच ठरविलेल्या होत्या, हेच ते रहस्य.

पुन्हा सुरू करण्याच्या बाबतीत जुन्या व नव्या औषधांत एक महत्त्वाचा भेद आहे. वॉरफरीन सावकाश चढते, म्हणून रक्तस्राव आटोक्यात असल्यास ते त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या मात्रेत सुरू करता येते. त्याचा पूर्ण अंमल व्हावयास पाच दिवस किंवा अधिक लागतातच. नवी गोळी काही तासांत चढते, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तिची घाई करावयाची नाही. उदाहरणातील गृहस्थांनी अपिक्साबॅन शनिवारी किंवा रविवारी, शस्त्रक्रिया करणाऱ्याने जखम पाहून सांगितल्यावर, सुरू करणे योग्य ठरेल.

हे सर्व नियम बहुसंख्यांसाठी आहेत, सर्वांसाठी नाहीत, आणि भारतात ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. 2015 च्या त्या चाचणीत कृत्रिम धातूची झडप बसविलेले आणि नुकताच पक्षाघात झालेले रुग्ण घेतले नव्हते. पाश्चात्त्य देशांत अलिंदकंपन हा प्रामुख्याने म्हातारपणाचा विकार. भारतात मात्र त्याचे दुसरे रूपही मोठे आहे. लहानपणी घसा येऊन संधिवाताचा ताप झालेला असतो, आणि पुढे तरुण वयातच झडप आकसते. भारतातील सुमारे दीड हजार रुग्णांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत जवळजवळ निम्म्या रुग्णांस असा संधिवातजन्य हृदयविकार होता आणि त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. अशा रुग्णांत गुठळीचा धोका अधिक असतो आणि त्यांच्यासाठी हिपॅरिनच्या पुलाचा विचार अजूनही करावा लागतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 24 देशांतील 4,500 हून अधिक संधिवातजन्य रुग्णांच्या चाचणीत वॉरफरीनच्या जातीची औषधे रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली. म्हणजे हा वर्ग मुख्यतः जुन्याच औषधांवर राहणार आहे. कृत्रिम धातूच्या झडपेचेही तसेच. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेली चित्रा झडप 1990 मध्ये प्रथम रुग्णास बसविली गेली आणि त्यानंतर अशा झडपा देशातील सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. परंतु झडप धातूची असेल तर वॉरफरीन जन्मभर, आणि ते थांबविण्याचा प्रत्येक निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या हातचा. ज्याला गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात झाला आहे त्याची शस्त्रक्रिया शक्य तर पुढे ढकलावी. आणि खुब्याचे हाड मोडण्यासारखा प्रसंग, ज्यात वाट पाहण्यास अवसरच नाही, तेथे औषधाचा अंमल इस्पितळातच उपायांनी उतरवितात; वॉरफरीनवर जीवनसत्त्व ‘के’ हा त्यांपैकी एक. अशा वेळी नातेवाइकांचे काम एकच : रुग्ण कोणती गोळी घेतो आणि शेवटची केव्हा घेतली, हे पहिल्याच डॉक्टरला सांगणे.

पुन्हा त्या निवृत्त गृहस्थांकडे यावे. समजा त्यांनी गोळी ‘बंद करून’ नागपूर गाठले. बुधवारच्या तपासणीत साखर फार वाढलेली आढळली आणि शस्त्रक्रिया एक आठवडा पुढे गेली. गोळीबद्दल कोणी काही बोलले नाही. ती बंदच राहिली. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी सोडताना हाती आलेल्या कागदावर जंतुनाशक गोळी होती, वेदनाशामक होते, आम्लपित्ताचे औषध होते. जुन्या गोळीचे नाव नव्हते, कारण दाखल होताना ते ती घेतच नव्हते. टाके काढावयास जाईपर्यंत आणखी दहा दिवस गेले. जबलपुरास परतल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणे पुढच्या महिन्याच्या तारखेवर ठेवले गेले. दोन दिवसांचा खंड एक महिन्याचा झाला, आणि ह्यात कोणाची एखादी मोठी चूक दाखविता येत नाही. प्रत्येकाने आपले काम केले. दोन कामांच्या मधल्या जागेस मात्र कोणी धनी नव्हता.

ह्या मधल्या जागेला धनी मिळावा, एवढाच ह्या व्याख्यानाचा इत्यर्थ आहे. त्यासाठी एक कागद पुरेसा आहे. त्यावर औषधाचे नाव व मात्रा असावी. शेवटच्या गोळीचा वार, तारीख आणि वेळ असावी. शस्त्रक्रियेची तारीख असावी. गोळी पुन्हा सुरू करण्याचा अपेक्षित दिवस आणि तो निश्चित करणाऱ्या डॉक्टरचे नाव असावे. आणि शेवटी, शस्त्रक्रिया पुढे गेल्यास काय करावयाचे, ही ओळ असावी. नव्या गोळ्यांच्या बाबतीत तिचे उत्तर बहुधा सोपे असते : गोळी लगेच सुरू करावी आणि नव्या तारखेप्रमाणे पुन्हा थांबवावी. वॉरफरीनच्या बाबतीत ते डॉक्टरांनाच विचारावे लागते. हा कागद जबलपूरच्या डॉक्टरने लिहावा, नागपूरच्या शस्त्रवैद्याने व भूलतज्ज्ञाने पाहावा, आणि रुग्णाच्या घरातील एका माणसाने, मुलीने वा सुनेने, तो सांभाळावा. कागद नसेल तर रुग्णाने तो मागून घ्यावा. ‘गोळी बंद करा’ असे ऐकल्यावर ‘कोणत्या दिवसापासून आणि पुन्हा केव्हापासून?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

खंडाच्या दिवसांत आणखी दोन गोष्टी पाळावयाच्या. दुखते म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांपैकी कित्येक रक्तस्राव वाढवितात. ॲस्पिरिनचे कार्यही निराळे आहे. ते अलिंदकंपनाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही आणि ते थांबवावे की नाही, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर ‘भुलीचा परिणाम असेल’ म्हणून वाट पाहू नये. घरी असल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध देण्यास साडेचार तासांचीच मुदत असते, आणि नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेमुळे ते देता आले नाही तरी गुठळी काढण्याचे अन्य उपाय मोठ्या इस्पितळात होऊ शकतात. काळी शौच, जखमेतून न थांबणारे रक्त, वाढत जाणारी सूज ही दुसऱ्या बाजूची लक्षणे. त्यांसाठीही असाच तत्काळ सल्ला घ्यावा.

येथे सांगितलेले दिवस आणि तास हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. त्यांवर विसंबून कोणी स्वतःची गोळी स्वतः थांबवू नये. मूत्रपिंड, झडप, वय आणि पूर्वीचे आजार पाहून हा हिशेब प्रत्येकासाठी डॉक्टरलाच करावा लागतो. परंतु हिशेब कोणीही केला तरी त्याला दोन बाजू असल्या पाहिजेत. औषध थांबविण्याची तारीख जेथे लिहिली जाईल, तेथेच, त्याच हाताने, ते पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहिली गेली पाहिजे. दुसरी तारीख नसलेली पहिली तारीख हा अर्धाच सल्ला असतो, आणि ह्या विकारात अर्ध्या सल्ल्याची किंमत पुष्कळदा अर्ध्या अंगाने मोजावी लागते.